हिवाळ्यात सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’, दहा वाजता सगळं ठीक: सोलर प्लांटवर नेमकं कुठे आणि कधी बघायचं

थंडी पडायला लागली की सोलर प्लांट सांभाळणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. ऊन पडलेलं असतं, बाकीचे इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसीत बदलणारी यंत्रं) चालू झालेले असतात आणि एखादाच लाल दिवा लावून थांबलेला असतो. स्क्रीनवर ‘आयसोलेशन फॉल्ट’, ‘लो इन्सुलेशन’ किंवा ‘रिसो लो’ असं काहीतरी दिसतं. नऊ-दहा वाजता तो आपोआप सुरू होतो. टेक्निशियन अकराला पोचतो, मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) लावतो, आकडा उत्तम येतो. ‘दवामुळे झालं’ असं लिहून तक्रार बंद केली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

वर्षानुवर्षं हाच दोष शोधत आल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो. शाबूत केबल, शाबूत कनेक्टर आणि शाबूत पॅनेलवर दव पडल्याने इन्व्हर्टर बंद पडत नाही. कुठेतरी इन्सुलेशन फाटलेलं असतं, त्या फटीत पाणी शिरतं आणि करंटला जमिनीकडे जायला वाट मिळते. ऊन चढलं की पाणी सुकतं आणि ती वाट बंद होते, पण फट तशीच राहते. म्हणून हा दोष ओल असतानाच शोधायचा. अकरा वाजता घेतलेलं मेगरचं रीडिंग खरं असलं तरी त्याचा या शोधात उपयोग नाही.

आधी लक्षणं नीट ओळखा

‘सकाळी जनरेशन कमी’ या एका वाक्यात पाच वेगळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

- इन्व्हर्टर सकाळी अजिबात सुरू होत नाही, दव सुकल्यावर होतो, आणि दव जास्त तेवढा उशीर जास्त. पावसानंतरही असंच होतं. हा इन्सुलेशनचा दोष, आणि या लेखाचा मुख्य विषय.
- सर्वांत थंड आणि निरभ्र सकाळीच ‘डीसी ओव्हरव्होल्टेज’ येतं. हा डिझाइनचा प्रश्न आहे. त्याबद्दल पुढे.
- सगळे इन्व्हर्टर वेळेवर सुरू होतात, पण सगळ्याच स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळा) सारख्या प्रमाणात कमी दिसतात. धुकं, धूळ किंवा चुकीचं रीडिंग देणारा सेन्सर.
- ठरावीक स्ट्रिंग रोज ठरावीक वेळेपर्यंत कमी आणि मग एकदम वर येतात. ही सावली.
- एक-दोन स्ट्रिंग रात्रीनंतर थेट शून्यावर आणि दिवसभर शून्यच. फ्यूज, कनेक्टर किंवा कापलेली केबल. हे दव-धुक्याच्या खात्यावर कधीही टाकू नका. कारण चोरीसुद्धा स्काडावर (प्लांटच्या देखरेखीच्या स्क्रीनवर) अशीच दिसते.

पहिली तपासणी: खुर्चीत बसून इव्हेंट लॉग

याला पैसा लागत नाही आणि निम्मं उत्तर इथेच मिळतं. मागच्या दोन-तीन आठवड्यांचा लॉग काढा. प्रत्येक इन्व्हर्टर किती वाजता सुरू झाला ते लिहा. बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडला जोडले जाण्याआधी रोज सकाळी इन्सुलेशन रेझिस्टन्स (‘रिसो’, म्हणजे पॅनेल-केबल आणि जमीन यांच्यातला विद्युतरोध) मोजतात आणि बरेचसे तो आकडा साठवतात. तो आकडा तारखेनुसार एका तक्त्यात मांडा.

आकड्याचा अर्थ लावायला मर्यादा माहीत हवी. आयईसी ६२१०९-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही मर्यादा म्हणजे अ‍ॅरेचं (इन्व्हर्टरला जोडलेल्या सगळ्या पॅनेलचं मिळून) कमाल व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर. १००० व्होल्टच्या सिस्टिमला सुमारे ३३ किलोओम, १५०० व्होल्टच्या सिस्टिमला ५० किलोओम. आकडा याच्या खाली गेला की बहुतेक इन्व्हर्टर सुरू व्हायला नकार देतात. आता तक्ता बघा. एकाच इन्व्हर्टरचा आकडा कोसळतोय आणि शेजारच्यांचे ठीक आहेत, तर दोष एका जागी आहे आणि तो सापडणार. सगळ्यांचेच आकडे दर हिवाळ्यात थोडे थोडे खाली येत असतील, तर एकच एक जागा शोधत फिरू नका. तिथे पॅनेलच म्हातारी होत आहेत, आणि तो विषय वेगळा आहे.

लॉग बघतानाच डेटालॉगरचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघून घ्या. वीस मिनिटं मागे पडलेल्या घड्याळावरून ‘इन्व्हर्टर उशिरा सुरू होतो’ अशी तक्रार तयार होते.

इथे एक कळकळीची विनंती. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा खाली आणू नका, कोणी कितीही घाई केली तरी. जमिनीशी झालेला पहिला दोष बहुतेक वेळा काही बिघडवत नाही. इन्व्हर्टर इशारा देतो, एवढंच. तो इशारा बंद केला आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा दोष झाला, की दोन दोषांमधून पूर्ण सर्किट तयार होतं आणि डीसीचा जाळ आपोआप विझत नाही. अमेरिकेत बेकर्सफिल्ड इथे २००९ मध्ये आणि माउंट हॉली इथे २०११ मध्ये सोलर अ‍ॅरेला लागलेल्या आगींच्या मुळाशी हेच होतं. पहिला अर्थ फॉल्ट संरक्षणाच्या नजरेतून सुटला आणि दुसऱ्याने आग लावली.

दुसरी तपासणी: सेन्सर, धूळ, सावली

ही कमी जनरेशनच्या तक्रारीसाठी आहे, थोडक्यात सांगतो. पायरॅनोमीटरच्या (उन्हाची तीव्रता मोजणाऱ्या सेन्सरच्या) काचेवर दव असेल तर रेडिएशनचं रीडिंग चुकतं आणि त्यावरून काढलेला परफॉर्मन्स रेशोही (उन्हाच्या मानाने किती वीज मिळाली याचं प्रमाण) चुकतो. मऊ कोरड्या कापडाने काच पुसा आणि आकडा बदलतो का बघा.

हिवाळ्यात धूळ आणि दव मिळून काचेवर चिखलाचा पातळ थर बसतो. थेंब ओघळून खालच्या फ्रेमला अडतात आणि तिथे बोटभर रुंदीचा पट्टा तयार होतो. पट्टा छोटा दिसतो, पण नुकसान मोठं करतो. उभ्या बसवलेल्या जुन्या, पूर्ण सेलच्या पॅनेलमध्ये तो खालच्या ओळीतले सगळे सेल झाकतो, म्हणजे बायपास डायोडने (झाकलेल्या सेलना वळसा देणाऱ्या भागाने) विभागलेले पॅनेलचे तिन्ही गट एकदम मार खातात. आडव्या पॅनेलमध्ये साधारण एक गट जातो. सफाई कमी पडली असेल तर सगळ्यात आधी हा पट्टा काढा. मात्र इन्व्हर्टरवर इन्सुलेशनचा फॉल्ट चालू असताना ओल्या पॅनेलवर कोणालाही ब्रश घेऊन पाठवू नका. फ्रेम आणि स्ट्रक्चरवर (पॅनेल बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर) धोकादायक व्होल्टेज असू शकतं.

सावलीचं गणित सोपं आहे. हिवाळ्याच्या अयनदिनी दुपारच्या सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश वजा साडेतेवीस अंश, आणि सकाळी तर त्याहून बरीच कमी. ओळींमधलं अंतर बहुधा मधल्या काही तासांचा विचार करून ठरवलेलं असतं. त्यामुळे सकाळी लवकर पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीच्या पायथ्याशी पडली तर तो दोष नव्हे. पण पावसाळ्यात वाढून वाळलेलं गवत, कुंपणावर चढलेला वेल, नवा खांब यांची सावली हा दोष आहे आणि तो कोयत्याने दूर होतो.

तिसरी तपासणी: उजाडताना पायी फेरी

माझ्या मते सगळ्यात जास्त उत्तरं इथे मिळतात आणि नेमकी हीच तपासणी टाळली जाते, कारण त्यासाठी थंडीत लवकर उठावं लागतं.

निरभ्र रात्री पॅनेलची काच आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड होते. म्हणून धुकं नसलेल्या दिवशीही पॅनेल ओली असतात. हे पाणी खालच्या फ्रेमवर जमतं, तिथून मागच्या बाजूला वळतं आणि लोंबणाऱ्या केबलवरून घरंगळत तिच्या सर्वांत खालच्या बिंदूवर टपकतं. त्या बिंदूवर कनेक्टर असेल तर दोष बहुतेक तिथेच आहे.

टॉर्च, कागद आणि रंगीत रिबन घेऊन ज्या इन्व्हर्टरचा फॉल्ट आहे त्याच्याच ओळी फिरा. फक्त डोळ्यांनी बघा. हात लावायचा नाही, स्ट्रक्चरला टेकायचं नाही, पायात कोरडे इन्सुलेटेड बूट हवेत. काय शोधायचं ते असं:

केबल टाय तुटून जमिनीवर आलेली केबल. ऊन आणि थंडी यांनी प्लास्टिकचे टाय ठिसूळ होतात आणि हिवाळ्यात पटापट तुटतात. मग कनेक्टर ओल्या गवतात पडून राहतो. एमसी फोर प्रकारचा कनेक्टर पाऊस झेलतो, पण महिनोन्‌महिने पाण्यात लोळण्यासाठी तो बनवलेला नाही.

स्ट्रक्चरच्या धारदार कडेवरून गेलेली केबल. वाऱ्याने ती रोज थोडी थोडी घासते. वरून काळी आणि धड दिसते, पण कडेला टेकलेल्या बाजूला इन्सुलेशन कापलेलं असतं. टॉर्च खालून वर धरली की तांब्याची चमक किंवा हिरवट डाग दिसतो. असा डाग दिसला की बाकीचं शोधायची घाई करू नका, रिबन बांधण्याइतकंही जवळ न जाता शेजारच्या ओळीवर खूण करा.

उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या जागा. थंडीत हे प्राणी केबल ट्रे, ट्रेंच आणि बॉक्सच्या ऊबेला येतात. ताज्या लेंड्या, गवताचं घरटं, केबलवर दातांच्या खुणा. ट्रेंचचं झाकण उघडताना आधी काठीने वाजवा, मग टॉर्च मारा. उंदरांमागे सापही येतात.

अर्धवट बसलेले कनेक्टर, किंवा एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडलेली जोडी. ती बसते, क्लिकही होते, पण मोजमापांतला बारीक फरक सील पक्कं होऊ देत नाही. दुरुस्तीच्या घाईत बदललेल्या पॅनेलजवळ अशा जोड्या हटकून सापडतात. जिथे मागच्या वर्षभरात पॅनेल बदललंय त्या जागांची यादी घेऊनच फेरीला निघा.

आणि बॅकशीट, म्हणजे पॅनेलच्या पाठीचा प्लास्टिकचा थर. पॅनेलच्या मागच्या बाजूला सेलच्या फटींवर उभ्या-आडव्या रेषांसारख्या चिरा पडल्यात का ते बघा. दुपारी, इन्व्हर्टर निरोगी असताना आणि इन्सुलेटेड हातमोजा घालून, बॅकशीटवर अंगठा फिरवा. मोज्यावर पांढरी भुकटी आली तर वरचा थर झिजतोय. २०१० नंतरच्या काही वर्षांत बसवलेल्या पॉलिअमाइड बॅकशीटच्या पॅनेलमध्ये अशा चिरा मोठ्या प्रमाणावर आढळल्या आहेत.

चौथी तपासणी: कॉम्बायनर बॉक्स

इथून पुढचं काम फक्त डीसीवर काम करायचं प्रशिक्षण आणि परवानगी असलेल्या माणसाचं. बाकीच्यांनी रिबन आणि फोटो घेऊन इथे थांबावं. तुमचं निम्म्याहून अधिक काम झालेलं आहे.

अनेक स्ट्रिंगच्या केबल या बॉक्समध्ये एकत्र येतात. बॉक्सवर आयपी ६५ (धूळ-पाणी आत न येण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी तो श्वास घेतो. दिवसा आतली हवा तापून बाहेर जाते, रात्री थंड होताना दमट हवा केबल ग्लँडमधून (केबल जिथून आत शिरते त्या सीलमधून) आत ओढली जाते आणि त्या हवेतलं पाणी आतल्या थंड पत्र्यावर जमतं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुकलेल्या ओघळांच्या खुणा दिसल्या की समजायचं, इथे रोज पाऊस पडतोय. बरेच जण यावर सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवतात. त्याने आत आलेलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद होते. ग्लँड केबलच्या जाडीला साजेसं आणि घट्ट असावं, रिकाम्या छिद्रांना प्लग असावा आणि सर्वांत खाली ब्रीदर-ड्रेन व्हॉल्व्ह (हवा आणि साचलेलं पाणी बाहेर सोडणारा) मोकळा असावा. केबल वरून किंवा बाजूने येत असेल तर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी आत न जाता तिथेच टपकेल.

आत फ्यूज होल्डरवर काळपटपणा, सर्ज अरेस्टरची (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या भागाची) खिडकी लाल झालेली, टर्मिनलवर गंजाची पांढरी-हिरवी भुकटी दिसते का बघा. खराब झालेला सर्ज अरेस्टर स्वतःच जमिनीकडे गळती करतो आणि अख्ख्या अ‍ॅरेचा दोष असल्याचा भास देतो. तो काढून इन्सुलेशन पुन्हा मोजलं तर कधी कधी सगळा शोध तिथेच संपतो.

आणि एक नियम पाळायचाच. फ्यूज होल्डर किंवा कनेक्टर करंट चालू असताना उघडायचा नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी बाजू तोडणारा स्विच) बंद, मग क्लॅम्प मीटरने प्रत्येक स्ट्रिंगचा करंट शून्य असल्याची खात्री, आणि त्यानंतरच हात. आयसोलेटर बंद असतानाही एखाद्या स्ट्रिंगमध्ये करंट दिसला तर दोन ठिकाणी दोष असू शकतात. तिथेच थांबा.

पाचवी तपासणी: दोषी स्ट्रिंग आणि तिच्यातली जागा

ही सकाळी ओल असतानाच करायची. प्रत्येक स्ट्रिंग दोन्ही टोकांनी वेगळी करा. व्होल्टमीटरने प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ मोजा. निरोगी स्ट्रिंगमध्ये दोन्ही आकडे घसरत शून्याकडे जातात. दोषी स्ट्रिंगमध्ये ते स्थिर राहतात आणि त्यांची बेरीज स्ट्रिंगच्या पूर्ण व्होल्टेजइतकी येते.

समजा २० पॅनेलची स्ट्रिंग आहे आणि पूर्ण व्होल्टेज ९०० आहे, म्हणजे पॅनेलमागे ४५. प्लस ते अर्थ ६७५ आलं आणि मायनस ते अर्थ २२५. २२५ भागिले ४५ म्हणजे ५. मायनसच्या टोकाकडून मोजत जा. दोष पाचव्या आणि सहाव्या पॅनेलच्या मधल्या जोडाजवळ. एका बाजूला पूर्ण ९०० आणि दुसऱ्या बाजूला शून्य आलं तर दोष पॅनेलमध्ये नसून त्या शून्याच्या बाजूच्या लांब केबलमध्ये आहे. आकडा पॅनेलच्या पटीत बसला नाही तर एखाद्या पॅनेलच्या आत, म्हणजे बॅकशीट किंवा जंक्शन बॉक्समध्ये बघा.

ही पद्धत मला मेगरपेक्षा जास्त आवडते, कारण मेगर ‘दोष आहे’ एवढंच सांगतो आणि ही पद्धत जागा दाखवते. पण दोन अटी आहेत. काही प्लांटमध्ये मायनस मुद्दाम अर्थ केलेला असतो. तो जोड आधी सोडवावा लागतो, नाहीतर सगळेच आकडे फसवतात. आणि पीआयडी (जमिनीच्या तुलनेतल्या जास्त व्होल्टेजमुळे पॅनेलची क्षमता घटणं) रोखणारा बॉक्स बसवलेला असेल तर तो रात्री पॅनेलवर शेकडो व्होल्ट लावतो. अंधार आहे म्हणून लाइन मृत आहे असं समजून उजाडण्याआधी काम सुरू करू नका. तो बॉक्स बंद करून टॅग लावा.

सहावी तपासणी: मेगर

जागा सापडली नाही, किंवा दुरुस्तीनंतर खात्री करायची आहे, तेव्हा. आयईसी ६२४४६-१ नुसार ५०० ते १००० व्होल्टच्या सिस्टिमला १००० व्होल्टने आणि त्यावरच्या सिस्टिमला १५०० व्होल्टने चाचणी करतात. दोन्हींत किमान १ मेगाओम हवं. सर्ज अरेस्टर आधी काढून ठेवा, नाहीतर चाचणीच्या व्होल्टेजला तोच चालू होईल आणि रीडिंग खोटं येईल. जवळपास कोणी स्ट्रक्चरला हात लावून उभं नाही ना, हे ओरडून विचारा आणि उत्तर आल्यावरच बटण दाबा.

मोठ्या सेंट्रल इन्व्हर्टरच्या बाबतीत इथे एक गफलत होते. पॅनेलच्या ओल्या अवस्थेतल्या चाचणीत आयईसी ६१२१५ हे मानक किमान ४० मेगाओम गुणिले चौरस मीटर मागतं. २.६ चौरस मीटरच्या पॅनेलला हे सुमारे १५ मेगाओम होतं. ५५० वॉटची अशी सुमारे १८०० पॅनेल समांतर धरली तर १ मेगावॉटला साडेआठ किलोओम उरतात. म्हणजे प्रत्येक पॅनेल मानकाच्या काठावर पास असूनही सगळी मिळून इन्व्हर्टरला कमी पडू शकतात. चांगली पॅनेल या किमान मर्यादेच्या कितीतरी वर असतात, म्हणून एरवी हे जाणवत नाही. पण जुन्या प्लांटमध्ये एकही फाटकी केबल न सापडता रोज फॉल्ट येत असेल तर हे गणित मांडा आणि पॅनेल उत्पादकाकडे वॉरंटीचा विषय लेखी काढा.

थंडीतलं जास्त व्होल्टेज

पॅनेलवर लिहिलेलं ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहत नसतानाचं व्होल्टेज) २५ अंश सेल्सिअसचं असतं. तापमान एक अंश उतरलं की ते साधारण ०.२५ ते ०.३० टक्के वाढतं. ४९.५ व्होल्टची २८ पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये असतील तर कागदावर १३८६ व्होल्ट. ०.२७ टक्के धरलं तर शून्य अंशाला ते सुमारे १४८० होतं आणि उणे दहाला १५१७. इन्व्हर्टर १५०० चा असेल तर तो सुरू होणार नाही, आणि वारंवार असं झालं तर आतले भाग कायमचे जातील. इन्व्हर्टर बंद पडून दुपारी पुन्हा सुरू झाला म्हणून सुटलो असं नाही. यावर जागेवर करायचा इलाज नाही. डिझाइन करणाऱ्याने त्या जागेच्या नोंदलेल्या सर्वांत कमी तापमानावर गणित पुन्हा करायचं आणि गरज असेल तर स्ट्रिंगमधलं एक पॅनेल कमी करायचं.

जिथे बर्फ पडतो तिथे फावड्याने किंवा गरम पाण्याने पॅनेल मोकळी करू नका. काच आणि कोटिंग दोन्ही जातात. ट्रॅकर (पॅनेल सूर्याबरोबर फिरवणारी यंत्रणा) असतील तर बर्फासाठीचा तिरका कोन आधीच लावून ठेवा.

स्ट्रिंग शून्यावर: चोरीची शक्यता आधी तपासा

हिवाळ्यात रात्री लांब, धुकं दाट आणि पहारेकरी शेकोटीजवळ. रात्री पॅनेल वीज तयार करत नाहीत हे केबल चोरणाऱ्यांनाही ठाऊक असतं. म्हणून रात्रीतून शून्यावर गेलेली स्ट्रिंग दुपारपर्यंत ‘धुकं ओसरेल’ म्हणून सोडून देऊ नका. उजाडल्याबरोबर स्काडावर प्रत्येक स्ट्रिंगचं नाव आणि आकडा बघायची सवय लावा. शेजारच्या दोन-तीन स्ट्रिंग एकदम गेल्या असतील तर कोणालातरी तातडीने तिथे पाठवा, पण दुरून बघायला.

कापलेल्या केबलचं पॅनेलकडचं टोक सूर्य उगवला की जिवंत होतं, पूर्ण स्ट्रिंगच्या व्होल्टेजने. ते टोक गवतात पडलेलं असतं. हात लावू नका, टेप गुंडाळू नका, दोन टोकं पिळून जोडू नका. जागा दोरीने बंद करा, फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या, विमा कंपनीला कळवा आणि दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडून करा. तांब्याची अर्थिंगची तार किंवा पट्टी चोरीला गेलीय का तेही बघा. ती गेली तरी जनरेशन तसंच चालू राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग ज्या स्ट्रक्चरला आपण रोज टेकतो त्याला संरक्षणच उरत नाही.

कॅमेऱ्यांसाठीचे काही उपाय सोपे आणि फुकट आहेत. इन्फ्रारेड दिव्याचा प्रकाश धुक्यावरून परत येतो आणि चित्र पांढरं होतं, लेन्सवर दवाचे थेंब आणि कोळ्याचं जाळं असलं तर आणखीच. संध्याकाळी लेन्स पुसणं हे पहारेकऱ्याच्या कामाच्या यादीत घाला. कॅमेऱ्याच्या अंगातला दिवा बंद करून वेगळा दिवा थोड्या अंतरावर, बाजूला लावला तर धुक्यात बराच फरक पडतो. दाट धुक्यात कुठलाच कॅमेरा पुरेसा नसतो, तेव्हा कुंपणावरची कंपन ओळखणारी तार किंवा पायी गस्त हवीच. सोलरवर चालणारे दिवे आणि कॅमेरे असतील तर त्यांच्या बॅटऱ्या हिवाळ्याआधी तपासा. दिवस छोटा, रात्र मोठी, त्यामुळे पहाटे तीन-चारला, म्हणजे नको त्या वेळी, त्या संपतात.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुढची तपासणी नाही, रीसेट नाही, ‘एकदा बघतो’ नाही:

- बॉक्समधून किंवा केबलमधून तडतड आवाज, जळका वास, वितळलेलं प्लास्टिक.
- आयसोलेटर बंद असूनही क्लॅम्प मीटरवर करंट.
- स्ट्रक्चरला हात लागल्यावर झिणझिण्या, कितीही हलक्या असल्या तरी. सगळ्यांना ओळींमधून बाहेर काढा.
- इन्व्हर्टर किंवा बॉक्सच्या आत साचलेलं पाणी.
- दिवसा, ऊन चढल्यावर आणि सगळं कोरडं असतानाही राहणारा इन्सुलेशन फॉल्ट.
- कापलेली केबल किंवा गायब झालेली अर्थिंग.
- ट्रान्सफॉर्मर आणि उच्च दाबाच्या बाजूचं काहीही.

इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा रीसेट करून सुरू करणं ही यातली सगळ्यात घातक सवय आहे. प्रत्येक वेळी तो तीच मोजणी करतो आणि तेच सांगतो. एखाद्या वेळी तो सुरू झालाच तर दोष काठावर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तज्ज्ञ येईल तेव्हा त्याला तारखेनुसार इन्सुलेशनच्या आकड्यांचा तक्ता, रिबन बांधलेल्या ओळींचे फोटो, वर्षभरात बदललेल्या पॅनेलची यादी आणि स्ट्रिंगचा नकाशा द्या. आणि त्याला आदल्या संध्याकाळीच बोलवून घ्या, म्हणजे उजाडताना तो जागेवर असेल. दुपारीच यायचं असेल तर संशयित ओळीवर त्याच्या देखरेखीखाली पाण्याची बारीक फवारणी करून ओल तयार करावी लागेल. तेही दोन्ही टोकांनी वेगळ्या केलेल्या स्ट्रिंगवर, कोणीही स्ट्रक्चरला न टेकता.

दुरुस्तीनंतर कोरड्या दुपारी मेगर चांगला आला म्हणून तक्रार बंद करू नका. पुढच्या भरपूर दवाच्या सकाळची वाट बघा, त्या दिवशीचा इन्व्हर्टरचा आकडा शेजारच्या इन्व्हर्टरच्या आकड्याशी ताडून बघा आणि दोन्ही जवळपास सारखे आले तरच नोंदवहीत ‘दुरुस्त’ लिहा.